अर्धी स्ट्रिप

धाकटीचं पोटातलं बाळ गेल्याचं कळलं, त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "मुरुमांच्या गोळ्या कोणी दिल्या? गरोदरपणात या अजिबात चालत नाहीत."

"बाबांनी. ताईच्या उरलेल्या."

शिंपीबाबांनी मान खाली घातली. बायको गेल्यापासून थोरलीचे कपडे तेच धाकटीच्या मापाचे करून देत. तशाच गोळ्याही दिल्या, कात्रीने अर्धी स्ट्रिप कापून.

"आता गोळ्यापण ताईच्याच का?" म्हणत तेव्हा धाकटी हसली होती.

घरी येऊन त्यांनी शिलाई मशीनचा खण उघडला. उरलेल्या अर्ध्या स्ट्रिपवर गरोदर बाईचं चित्र होतं, त्यावर लाल फुली.

"बाबा, त्या गोळ्यांवर काही लिहिलं होतं का हो?" धाकटीने आतून विचारलं.

"नाही गं."

ती अर्धी स्ट्रिप त्यांनी तिला अजून दाखवलेली नाही.