खोलीत कोणी नाही

पिंपळे सौदागरच्या त्या सोसायटीत बुद्धरत्न तिसऱ्यांदा आला होता, आणि तिन्ही वेळा एकाच तक्रारीसाठी. अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मालकाच्या वडिलांच्या खोलीतला पंखा आपोआप बंद पडतो. आधीच्या दोन खेपांना त्यानं सगळं तपासलं, पंखा छान फिरत होता, म्हणून सही घेऊन तो निघून गेला होता. आज सकाळपासूनची ही पाचवी भेट. मोशी ते हिंजवडी एप्रिलच्या उन्हात स्कूटर हाणून त्याचे डोळे चुरचुरत होते. चाकणच्या कंपनीत चौदा वर्षं त्यानं उभ्यानं काम केलं होतं. तिथली लाइन बंद पडून नोकरी गेली आणि हे दुरुस्तीचं काम धरलं तेव्हा त्याला वाटलं होतं, निदान पायांना तरी सुटका मिळेल.

दार उद्धवरावांनी उघडलं; तक्रारही त्यांनीच, मुलाला न सांगता, वॉचमनकरवी नोंदवली होती. वय अठ्ठ्याहत्तर, मूळचे हिंजवडीजवळच्या माणचे. शेतं कंपन्यांसाठी गेली, मग सुजितनं, त्यांच्या मुलानं, इथं फ्लॅट घेतला. बायको सावित्रीबाई मागच्या दिवाळीत वारल्या. सुजित आणि सून नऊला बाहेर पडायचे ते सातला परतायचे. म्हातारा आपल्या खोलीत गेला आणि खिडकीपाशी खुर्चीवर बसला.

घराच्या प्रत्येक खोलीत छताच्या कोपऱ्यात एक पांढरा डोळा बसवलेला होता. घरातलं कोण कुठं, किती वेळ असतं, हे तो डोळा पाहून ठेवायचा आणि त्याप्रमाणे पंखे, दिवे, एसी चालवायचा. माणूस नसलेल्या खोलीत वीज वाया जायला नको, एवढाच त्यामागचा हिशेब. उद्धवराव पंखा चालू ठेवून विसरतात म्हणून सुजितनं त्यांच्या खोलीतली बटणं मोबाइलवरून बंद करून टाकली होती.

बुद्धरत्न खोलीत शिरला तसा पंखा सुरू झाला. शिडी लावून त्यानं तारा तपासल्या, डोळा पुसला, खाली उतरला. सगळं ठीक. आता फॉर्म भरायचा आणि वाकडची तक्रार गाठायची. पण पाय अगदीच उचलेनात, म्हणून म्हाताऱ्याला न विचारता तो पलंगाच्या कडेला टेकला. पेन हातातच राहिलं. किती वेळ तो तसा बसला कोण जाणे. गळ्यावरून घाम ओघळला तेव्हा त्यानं वर पाहिलं. पंखा थांबला होता.

उद्धवरावांनी डोळ्याकडे बघत हात हलवला. काही झालं नाही.

"पयले हात हालवला की लागायचा," ते म्हणाले. "आता उठून चार फेऱ्या माराव्या लागत्यात. गुडघं न्हाईत ऐकत."

बुद्धरत्ननं विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. म्हातारा म्हणाला, तुमी मला कुठं इचारलंत, तुमी वरच बघत हुता.

ते खरंच होतं. बुद्धरत्न आला की शिडी लावायचा, हलायचा, वावरायचा, आणि यंत्राला माणूस दिसायचा. तो गेला की खोलीत म्हातारा एकटा, खुर्चीत निश्चल. डोळ्याला हालचाल कळत होती, माणूस कळत नव्हता. दिवसभर ही खोली रिकामी असते असं आता डोळा पक्कं शिकला होता, आणि नुसत्या हाताला दाद देत नव्हता. बुद्धरत्ननं मोबाइलवर नोंदी उघडल्या. गेले दीड महिने, त्याच्या स्वतःच्या खेपा सोडल्या तर रोज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, खोलीत कोणी नाही.

"काय लिव्हलंय त्यात?" उद्धवरावांनी विचारलं.

त्यानं सांगितलं. मग म्हाताऱ्यानं तुटक तुटक सांगितलं ते असं, की तीन आठवड्यांमागं जेवताना सुजितनं विचारलं होतं, बाबा, दिवसभर असता कुठं तुम्ही. त्यांना वाटलं, पोरगं टोमणा मारतंय, घरात नुसते बसून खाता म्हणून. त्यांनी ताटावरून उठता उठता म्हटलं, मसणात असतो. तेव्हापासून बापलेकांत धड बोलणं नव्हतं.

बटणं पुन्हा चालू करायला सुजितची परवानगी लागणारच होती. बुद्धरत्ननं फोन लावला. सुजित घाईत होता, मीटिंगमध्ये होता, लवकर बोला म्हणाला.

"साहेब, बाबा खोलीतच असतात," बुद्धरत्न म्हणाला. "रोज. हलत नाहीत, म्हणून दिसत नाहीत."

मग सुजित सांगू लागला, कुणाला सांगतोय याचंही भान नसल्यासारखा. बाबा माणला जुन्या शेतापाशी जाऊन बसतात असं त्याला वाटत होतं. तसल्या गुडघ्यांनी, त्या डंपरच्या रस्त्यानं. दोनदा तो अर्धी रजा टाकून तिकडं शोधायला गेला होता. घरी येऊन बघावं असं काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण घरात कोणी नाही असं मोबाइल सांगत होता.

"द्या त्यांना," तो म्हणाला.

उद्धवरावांनी फोन कानाला लावला. "हाय की. हितंच हाय," ते म्हणाले. थोडं ऐकून, "जेवलो." आणखी बरंच ऐकून, "बरं." मग फोन परत दिला.

सुजितचा होकार घेऊन बुद्धरत्ननं त्या खोलीतला डोळाच उतरवला. खालच्या दुकानातून साधं बटण आणलं, भिंतीत बसवलं. वाकडहून दोन फोन आले, त्यानं उचलले नाहीत. डोळा का काढला, याचं कारण फॉर्ममध्ये निवडायचं होतं. चार पर्यायांत हे कारण नव्हतं. त्यानं 'इतर' वर खूण केली.

तो शेवटचा स्क्रू आवळत असताना सुजित आला. बूट न काढताच दारात उभा राहिला, कपाळ घामानं डबडबलेलं. खुर्चीतल्या वडिलांकडे तो पाहत राहिला. मग येऊन पलंगावर बसला, जरा लांबच.

"पंखा कमी करू का?" त्यानं विचारलं.

"असू दे," उद्धवराव म्हणाले. "दमून आलायस."

बुद्धरत्ननं सही घेतली नाही. शिडी खांद्यावर टाकून, दार हळू ओढून घेत तो बाहेर पडला. वाकडला पोचेपर्यंत सहा वाजणार होते, आणि तिथलं गिऱ्हाईक नक्की बोलणार होतं.