विरोध नोंदवून घ्यावा

सत्य कधी लपत नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपण पिढ्यान्पिढ्या एकमेकांना सांगत आलो आहोत आणि त्यात तथ्य आहे. तांबडं फुटतंच. फक्त फुटल्यावर त्याला आवक क्रमांक घ्यावा लागतो, आणि ती खिडकी दुपारी जेवणासाठी बंद असते.

तपास अधिकाऱ्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सव्वीस वर्षं पोलिसात गेली होती त्याची. जाड चष्म्यामुळे लोक त्याला पाठीमागे ‘भिंग’ म्हणत. हल्ली तोंडावरही म्हणू लागले होते. बढतीची आशा त्याने सोडली होती. बायकोने ती त्याच्याही आधी सोडली होती. राहता राहिली एक गोष्ट, की आपण कुणाला विनाकारण आत घातलेलं नाही. तेवढ्यावर त्याला रात्री झोप लागायची.

गेले एकोणीस दिवस ती लागत नव्हती.

एकोणीस दिवसांपूर्वी, एका रविवारी भरदुपारी, सरकारी अभिलेख कक्षाला आग लागली. चार कपाटं जळाली. पहारेकरी धुरात शिरला, हाताला लागलेलं एक गाठोडं उचलून खोकत बाहेर आला, आणि गाठोड्यासकट पकडला गेला. अंगावर काजळी होती, खिशात काडेपेटी होती. एवढा आयता आरोपी खात्याला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता. ज्याने पळ काढला तो सुटला आणि ज्याने गाठोडं काढलं तो अडकला, असं भिंगाने वरिष्ठांना सांगून पाहिलं. वरिष्ठ म्हणाले, “वाक्य छान आहे. पुरावा आणा.”

मुदत शुक्रवारपर्यंतची होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत दुसरं नाव आलं नाही, तर पहारेकरी तुरुंगात रवाना होणार होता.

त्याची बायको रोज सकाळी नऊला चौकीच्या बाकावर येऊन बसे. मांडीवर पिशवी, पिशवीत त्याची लोकरीची बंडी. त्याला दम्याचा त्रास होता. आरोपीला बाहेरचे कपडे देता येत नाहीत, असं हवालदाराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी ती बंडी रोज येत होती आणि रोज परत जात होती.

शुक्रवारी सकाळी भिंग तिच्यासमोर थांबला आणि जे सव्वीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते करून बसला. शब्द दिला.

“वहिनी, आज संध्याकाळी नवऱ्याला घेऊन घरी जाल.”

“देव तुमचं भलं करो, भाऊ,” ती म्हणाली, आणि बंडीची घडी मोडून पुन्हा नीट घातली.

शब्द हवेतला नव्हता. पहारेकऱ्याने वाचवलेलं गाठोडं जप्त मुद्देमालात पडून होतं आणि एकोणीस दिवसांत ते कुणीही सोडलं नव्हतं. भिंगाने आदल्या दिवशी सोडलं. आत टंकलिखित कागदांची एक वही निघाली. वरच्या पानावर लिहिलं होतं: ‘सावली मंडळ. सभांचं इतिवृत्त. अत्यंत गुप्त.’

अभिलेख कक्षात सावली मंडळ नावाचं काहीतरी आहे, ही कुजबुज जुनी होती. नको असलेले कागद तिथून गायब होतात आणि हवे असलेले उगवतात, हे शहरभर माहीत होतं. पण मंडळ कारकुनांचं असावं हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. इतर गुप्त मंडळं रक्ताने सह्या करतात, कवट्यांवर शपथा घेतात म्हणे. हे मंडळ इतिवृत्त लिहीत होतं. दर महिन्याला सभा, सूचक, अनुमोदक, आभारप्रदर्शन. पहिलाच ठराव असा: ‘हे मंडळ अस्तित्वात नाही. एकमताने मंजूर.’

नावं नव्हती, फक्त सभासद क्रमांक एक ते अकरा. कक्षात कारकूनही अकराच. दहा जणांची चौकशी झाली होती. दहाही जणांनी “आपल्याला काही माहिती नाही बुवा” हे एकाच चालीत म्हटलं होतं. उरला होता अकरावा, कक्षातला सगळ्यात जुना. मसुद्यात एवढंसं काही राहिलं की तो कागद परत पाठवी, म्हणून कचेरीत त्याला ‘पूर्णविराम’ म्हणत.

भिंगाने अकरा वाजता त्याला चौकशीच्या खोलीत बसवलं आणि हवालदाराला बजावलं, “मी बाहेर येईपर्यंत दार उघडायचं नाही. आग लागली तरी.”

“तसं कसं साहेब,” हवालदार म्हणाला, “आगीचंच तर प्रकरण आहे.”

“दार. उघडायचं. नाही.”

खोलीत टेबल होतं. त्याचा एक पाय आखूड, त्याखाली घडी करून सरकवलेला तक्रार अर्ज. कुणाचा होता कोण जाणे, टेकू मात्र चांगला देत होता. भिंतीवर पाटी होती: ‘कृपया शांतता राखा’. पूर्णविराम ताठ बसला होता. सडपातळ माणूस, बाह्यांच्या कडा विरलेल्या पण इस्त्री कडक.

“सावली मंडळ ऐकलंय?”

“नाही.”

“सभासद आहात?”

“जे ऐकलं नाही त्याचं सभासद कसं होता येईल?”

“वहीतला क्रमांक चार कोण?”

“तीन आणि पाचच्या मधला असावा.”

तासभर असंच चाललं. भिंगाने रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, पहारेकऱ्याचा दमा सांगितला, बंडीसुद्धा सांगितली. बंडीपाशी पूर्णविरामाने खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसत होती. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. मग त्याने समोरचा जबाबाचा कागद आपल्याकडे ओढला आणि म्हणाला, “पानांवर क्रमांक नाहीत तुमच्या.”

“काय?”

“उद्या मधलं एक पान काढलं तर कळणार कसं? आमच्याकडे असा कागद आला तर मी घेत नाही.”

तेवढ्यात दारावर टकटक झाली. “साहेब—” बाहेरून हवालदार.

“नंतर!” भिंग खेकसला. कारण त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं होतं.

त्याने कपाटातून वही काढली, पान आपल्या बाजूला धरलं आणि कंटाळवाण्या आवाजात वाचायला लागला.

“ठराव क्रमांक चारशे सतरा. कपाट क्रमांक सहा ते नऊ येत्या रविवारी उष्णतेच्या साहाय्याने रिकामी करण्यात यावीत. सूचक क्रमांक दोन, अनुमोदक क्रमांक नऊ. ठराव एकमताने मंजूर.”

पूर्णविरामाची मान किंचित हलली. माशी बसल्यावर बैलाची कातडी हलावी तेवढीच.

पुन्हा टकटक. “साहेब, जरा महत्त्वाचं होतं.”

“नंतर म्हटलं ना!”

भिंग पुढे वाचू लागला. म्हणजे वाचल्यासारखं करू लागला. “सभासद क्रमांक चार यांनी ठरावाचं मनापासून स्वागत केलं. असा धाडसी निर्णय मंडळाने पूर्वीच घ्यायला हवा होता, असे उद्गार त्यांनी काढले आणि टाळ्यांच्या गजरात—”

“टाळ्या नव्हत्या.”

भिंग थांबला. पंखा घरघरत होता.

“आणि स्वागत नाही, विरोध,” पूर्णविराम म्हणाला. आवाज चढला होता. “एकमत कसलं? दहा विरुद्ध एक! क्रमांक चारने विरोध केला आणि विरोध नोंदवून घ्यावा अशी विनंती केली. तसं स्पष्ट लिहिलंय.”

“तुमच्या बाजूने पान दिसत नाही.”

“दिसायला कशाला हवं? तिसरा परिच्छेद, खालून दुसरी ओळ. मीच...”

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने वाक्य अर्धं सोडल्याची ही पहिलीच वेळ असावी.

भिंगाने वही हळूच फिरवून त्याच्यापुढे ठेवली. तिसऱ्या परिच्छेदात, खालून दुसऱ्या ओळीत, तसंच होतं. पूर्णविरामाने बोट ठेवून पाहिलं, आणि पकडल्या गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येऊ नये असं समाधान त्याच्या चेहऱ्यावर आलं.

“विरोध केला होता ना तुम्ही? मग काडी कुणी लावली?”

“मी.”

“का?”

“ठराव मंजूर झाला की अंमलबजावणी चिटणिसाकडे. घटनेत आहे. चिटणीस मी.” त्याने चष्मा काढून पुसला. “मत विरोधात, काडी माझी. दोन्ही नियमाला धरून.”

“जाळायला सांगितलं कुणी?”

“वरून.”

“वरून म्हणजे?”

“साहेब, तुम्हीही नोकरी करता. विहिरीतल्या माणसाला वर कोण उभं आहे ते दिसतं का? दोर खाली येतो, एवढंच कळतं.”

मग तो आपणहून बोलत गेला. मंडळ काढलं तेव्हा तसलं काही मनात नव्हतं. अकरा माणसं, जन्म सगळा वरच्या मंजुरीची वाट पाहण्यात गेलेला. रजेला मंजुरी, खुर्चीला मंजुरी, पंख्याच्या बटणाला मंजुरी. एक गोष्ट अशी असावी की जी मंजुरीला वर जाणार नाही, एवढीच हौस. पहिली सात वर्षं नुसते ठराव केले. कुणाला त्रास नाही. मग वरच्यांना सुगावा लागला आणि त्यांनी मंडळाला कामं द्यायला सुरुवात केली.

“आणि पहारेकरी?”

“त्याला मी दुपारी घरी पाठवलं होतं. डबा विसरला म्हणून परत आला. मूर्ख. कागद जळतात तर जळू द्यावेत ना! आणि उचललं तेही नेमकं आमचंच गाठोडं.”

“एकोणीस दिवस तो आत आहे. तुम्हाला एकदाही वाटलं नाही, जाऊन सांगावं?”

पूर्णविरामाने टेबलाच्या आखूड पायाखालची घडी बुटाने नीट आत सरकवली.

“वाटलं,” तो म्हणाला. “त्याबाबत ठराव आला नाही.”

कबुलीजबाब पाच पानांचा झाला. पानांवर क्रमांक आरोपीने स्वतः घातले, सहीखाली तारीख घातली, वेळही घातली: दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. भिंगाने कागद छातीशी धरले आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दार लाथेने नाही, हलक्या हाताने उघडलं.

बाकावर वहिनी एकटीच होती. त्याला पाहताच उठली. पिशवी रिकामी होती.

“भाऊ, तुमचे उपकार कसे फेडू! भेट झाली. बंडी पण घेतली त्यांनी. तुम्हीच सांगितलं असणार.”

भिंगाने विचारलं, “कोणी दिली भेट?”

हवालदार कोपऱ्यात उभा होता. “साहेब, मी दोनदा दार वाजवलं.”

“काय झालं?”

“त्याने कबूल केलं. बारा वाजता.”

“कुणी?”

“पहारेकऱ्याने. मी हातसुद्धा लावला नाही साहेब, आईशप्पथ! वरून फोन होता, आज काय ते संपवा म्हणून. मी त्याला म्हटलं, बाबा रे, कबूल केलंस तर बायकोला भेटू देतो, बंडी देतो. तो म्हणाला, एकोणीस दिवस ‘मी नाही लावली’ म्हणतोय, एकानेही कागदावर घेतलं नाही. ‘लावली’ म्हणतो, बघू लिहिता का. आणि खरंच, साहेब, लगेच कागद मिळाला, खुर्ची मिळाली, पेन मिळालं. मलाच वाईट वाटलं. म्हणून दार वाजवलं.”

“कुठाय तो?”

“गाडी गेली साहेब. दोनला. न्यायालयातून परस्पर तुरुंगात.”

वहिनीने एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. “म्हणजे संध्याकाळी सोडणार ना त्यांना? भाऊ, तुम्ही सकाळी म्हणालात—”

भिंग जिना चढला. जिन्याला तेवीस पायऱ्या होत्या. त्याने त्या एका दमात चढल्या आणि मग वरिष्ठांसमोर त्याला बोलताच येईना. कागद पुढे केले. वरिष्ठांनी पाचही पानं वाचली, सावकाश, मधे पाणी पिऊन.

“काम उत्तम आहे,” ते म्हणाले. “पानांवर क्रमांकसुद्धा! तुमच्याकडून अपेक्षा नव्हती. पण एका आगीला दोन कबुल्या झाल्या की दोन्ही खोट्या वाटतात हो. पहिली न्यायालयात पोचली. ही उशिरा आली.”

“पण ही खरी आहे!”

“मी खोटी कुठे म्हणतोय? उशिरा म्हणतोय.”

“साहेब, त्याला दमा आहे.”

“बंडी दिली म्हणे.” वरिष्ठांनी पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या पानाच्या समासात दोन शब्द लिहिले: ‘दप्तरी दाखल’. “आणि त्या कारकुनाला सोडा. तो नाही तर तिकडचं काम अडतं.”

भिंग खाली आला. वहिनी अजून उभीच होती. त्याने तिला काय झालं ते सांगितलं, सगळं, न लपवता. तिने ऐकून घेतलं. मग रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि विचारलं, “तुरुंग किती लांब आहे, भाऊ? सकाळी नऊला उघडतो का?”

पूर्णविराम चौकशीच्या खोलीत तसाच ताठ बसला होता. सोडलंय म्हटल्यावर तो उठला नाही. “माझा विरोध आहे याला,” तो म्हणाला. “नोंदवून घ्या.” भिंगाने कागद शोधला. टेबलाखालच्या घडीशिवाय कागद सापडला नाही, आणि ती काढली असती तर टेबल कललं असतं.

सोमवारी तो कबुलीजबाब अभिलेख कक्षात गेला. पूर्णविरामाने त्याला आवक क्रमांक दिला, पाचही पानं मोजली आणि वर्गवारी केली. आगीसंबंधीचे कागद कपाट क्रमांक सातमध्ये ठेवतात. कपाट क्रमांक सात जळालेलं आहे.