चाळीस घरांची टाकी

मित्रांनो, मी एक जुनी सिमेंटची टाकी आहे. फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावरच्या एका डोंगरगावात, शाळेच्या वरच्या अंगाला उभी. झऱ्याचं पाणी रात्रभर माझ्यात पडतं आणि दिवसभर चाळीस घरांना पुरतं. घरटी दोन बादल्या, असा रिवाज.

एका उन्हाळ्यात माझ्या नळात हवा अडकली आणि धार दोनदा तुटली. रांगेत पुढे क्रिस्पुलो सुतार होता. तो ओरडला, "अरे, टाकी आटली!"

आटले नव्हते हो मी! पण सांगणार कशी?

त्या दिवशी रांगेतल्या पुढच्यांनी चार-चार बादल्या नेल्या. दुपारीच मी रिकामी झाले. "बघा, म्हटलं नव्हतं?" क्रिस्पुलो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सहा. घरात भांडी उरली नाहीत, तशी माणसं कालचं पाणी ओतून आजचं भरू लागली. उजाडलं की मला धडकी भरायची.

म्हातारी तेओफिस्ता सगळ्यांत खालच्या घरात राहायची. नवरा अंथरुणाला खिळलेला. ती चढून येईपर्यंत नळ कोरडा. तीन दिवस ती रिकाम्या हाताने परतली.

शाळेच्या नेनिताबाई झऱ्यापर्यंत जाऊन आल्या. "झरा आहे तसाच आहे," त्या म्हणाल्या.

"मग पाणी जातं कुठं, बाई?" क्रिस्पुलोने विचारलं.

"तुझ्या पिंपात! घरी रेडे आलेत का पाहुणे?"

सगळे हसले, पण बादली कुणी मागे घेतली नाही. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला: सेल्फ-परपेच्युएटिंग. खिडकीतून त्यांचा आवाज मला ऐकू आला. "म्हणजे स्वतःच स्वतःला चालू ठेवणारं. भीतीपोटी पाणी संपतं, पाणी संपलं की भीती वाढते. अफवेला, भांडणालाही हाच शब्द लावा."

चौथ्या दिवशी तेओफिस्ता माझ्या पायरीशी कोसळली. क्रिस्पुलोने तिला सावरलं, तोंडाशी पाणी धरलं.

"मला नको, बाळा. त्यांना दे. कालपासून ओठ ओले नाहीत त्यांचे."

क्रिस्पुलोचा चेहरा उतरला. स्वतःच्या बादल्या उचलून तो तिच्या घराकडे धावत सुटला.

दुसऱ्या दिवशी त्याने दोनच बादल्या भरल्या.

"एवढ्याच?" मागच्या बाईने विचारलं.

"एवढ्याच, ताई. छाती धडधडतेय, पण एवढ्याच."

ती तीनवर थांबली. तिच्या मागची पाचवर. असे आठ दिवस गेले, बादल्या रोज थोड्या कमी होत गेल्या. नवव्या संध्याकाळी माझ्या तळाशी वीतभर पाणी उरलं.

तेओफिस्ताचा नवरा त्यानंतरच्या पावसाळ्यात गेला. जुनं दुखणं होतं, असं रांगेत बोलतात. मला मात्र ते तीन दिवस विसरता येत नाहीत.

मित्रांनो, भीती वाटली तर वाटू द्या. फक्त जास्तीची बादली नळाखाली लावण्याआधी, रांगेच्या शेवटी कोण उभं आहे, ते एकदा वळून बघा.