ओट्याची दुरुस्ती

सरकारी काम म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण मुकादम. कुणी येतं, म्हणतं भिंत जरा इकडे घ्या. कुणी म्हणतं खिडकी मोठी करा. वॉर्डबॉय येऊन सांगून जातो, वॉचमन येऊन सांगून जातो. मी गवंडी माणूस. शाळेची नि माझी फारशी ओळख झाली नाही, पण कुणाचं ऐकायचं नि कुणाला नुसतं ‘हो हो’ म्हणायचं एवढं मला कळतं, असं मला वाटायचं. हे वाटणं कुठवर टिकलं ते सांगतो.

सरकारी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात दोन नवे ओटे बांधायचं काम मला मिळालं. विटांचं बांधकाम, वर काळ्या दगडाची लादी. लादी बसवायला माझा मेहुणा. त्याचा हात सोन्याचा आहे, बोलू नये, पण तोंड पितळेचं. एकेकाळी कोर्टाच्या कँटीनमध्ये कपबशा विसळायचा, तेवढ्या भांडवलावर तो आजतागायत कायदा सांगतो. आम्ही त्याला वकील म्हणतो. त्याला ती टिंगल आहे हे अजून कळलेलं नाही.

विटा चढल्या, लादी टेकवायची तेवढी बाकी, आणि आत आली तिथली मुख्य स्वयंपाकीण. सगळे तिला पाठीमागे लवंगी म्हणत. उंचीला एवढीशी, आणि तिखट म्हणजे डोळ्यांतून पाणी. ती येऊन ओट्याला खेटून उभी राहिली, आणि ओटा तिच्या छातीशी आला.

“हा ओटा आहे का किल्ल्याची तटबंदी?”

म्हटलं, “ताई, कागदात हीच उंची आहे.”

“मग कागदालाच सांगा कणीक मळायला!”

तिचंही खरं होतं. जुना ओटा असाच उंच. सारी नोकरी तिने एका लाकडी खोक्यावर उभं राहून काढलेली. खोक्यावर चढायचं, मळायचं, उतरायचं, शेगडीकडे जायचं, परत चढायचं. मागच्या वर्षी खोकं सरकलं आणि उकळतं पातेलं पायावर आलं. तिने चप्पल काढून पाऊल दाखवलं. भाजल्याचा डाग पार घोट्यापर्यंत.

“नवा ओटा येणार म्हटल्यावर वाटलं, सुटले एकदाची,” ती म्हणाली. एवढंच हळू आवाजात.

मी मेहुण्याकडे बघितलं. तो तयारच होता. “दाजी, जी वापरणार तिचा शब्द शेवटचा. तसा कायदाच आहे.”

“कुठला कायदा?”

“आहे एक.”

झालं. दोन्ही ओटे वीतभर खाली घेतले. लादी बसली. लवंगीने जमिनीवर उभं राहून दोन्ही तळवे ओट्यावर टेकले, हवेतच कणीक मळल्यासारखं केलं, आणि अशी हसली की तिला लवंगी कोण म्हणतं असं वाटावं. खोकं उचललं आणि थेट माळ्याला देऊन आली.

मग आले साहेब. इंजिनियर, वयाने कोवळा, बोलणं मोजून-मापून, हातात कायम टेप. ओटा मोजला. परत मोजला. दुसरा मोजला. टेप बिघडलाय का म्हणून दारही मोजलं.

“हे असं चालणार नाही. दुरुस्ती लागेल. दुरुस्ती झाल्याशिवाय मला काम ताब्यात घेता येत नाही.” एवढं बोलले, फोन वाजला, गेले.

आम्ही दोघं ओट्याभोवती फिरलो. दुरुस्ती म्हणजे कुठेतरी काहीतरी बिघडलंय. मेहुण्याने गुडघे टेकून शोधलं आणि सापडलंच त्याला. लादीच्या सांध्यात केसाएवढी फट. “काय नजर आहे पण पोराची!” म्हणाला. सांधे परत भरले, घासले, पॉलिश मारलं.

साहेब आले. “झाली का दुरुस्ती?”

“झाली, साहेब!”

त्यांनी हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी धरून हलवला. ते जरा गोंधळले. “अहो, दुरुस्ती द्या ना. कुठे आहे?”

“ही काय!” मेहुणा म्हणाला. “वाका जरा. चेहरा दिसतोय बघा.”

साहेब वाकले. चेहरा दिसत होता. तो काही खूश नव्हता.

“पण उंचीचं काय केलंत?”

“उंची आहे तशीच आहे,” मी छातीवर हात ठेवून सांगितलं. “उंचीला धक्का लावलेला नाही.”

त्यांनी कपाळ चोळलं. “दुरुस्ती करून घ्या हो लवकर,” म्हणाले आणि गेले.

आता आम्हीही हट्टाला पेटलो. कोपरे गोल केले. खाली कडेने दगडी पट्ट्या बसवल्या. ओटा असा दिसायला लागला की त्यावर कांदा चिरायला जीव होऊ नये. साहेब पुन्हा आले, दारातूनच बघितलं, आणि कांद्याच्या पोत्यावर मट्कन बसले.

“अहो, ओट्याची नाही! कराराची दुरुस्ती! कराराची!”

मेहुणा माझ्या कानाला लागला. “करार कुठं फाटलाय, दाजी?”

साहेबांनी ऐकलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग पोत्यावरून घसरलेच ते. हसून झाल्यावर म्हणाले, “शनिवारी आमच्याकडे वर्ग असतो. वकील नसलेल्या लोकांसाठी, सरकारी करार समजावून सांगतात. दोघंही या. कृपा करा.”

मेहुणा म्हणाला, मला गरज नाही. मी म्हटलं, तुझ्यासाठीच ठेवलाय.

वर्गात सगळे आमच्यासारखेच. वायरमन, रंगारी, एक डॉक्टरीणबाई ज्यांना यंत्रं मागवायची होती, एक बागकामवाला. शिकवायला निवृत्त झालेले कायदा अधिकारी, गोल गरगरीत, आवाज बँडवाल्याचा. म्हणाले, “पहिली गोष्ट. सरकारला तोंड नसतं. सरकारला फक्त सही असते. तुम्हाला वॉचमन सांगेल, डॉक्टर सांगतील, साइटवरचा इंजिनियर सांगेल. सगळे भले लोक. पण करार बदलायचा अधिकार कुणाला? ज्याच्या सहीने करार झाला, त्याला. नाहीतर ज्याला त्याने लेखी अधिकार दिलाय त्याला. बाकीच्यांचं ऐका, चहा प्या आणि म्हणा, लेखी येऊ द्या.”

मी हात वर केला. “आणि स्वयंपाकीणबाई म्हणाल्या तर?”

“तर चहा जास्त चांगला मिळेल. अधिकार नाही मिळणार.”

मग मी सगळं सांगितलं. पॉलिशवर आलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पदराने डोळे पुसले, आणि ‘करार कुठं फाटलाय’ म्हटल्यावर रंगारी बाकाखाली गेला. मास्तरांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, “भले लोकहो, दुरुस्ती म्हणजे करारातला बदल. कागदावर लिहायचा, अधिकार असणाऱ्याने सही करायची. आणि आधी सही, मग थापी. तुम्ही थापी आधी चालवलीत. आता त्यांनी नाही म्हटलं तर ओटे पाडून करारातल्या उंचीला बांधावे लागतील, तेही तुमच्या पदरच्या पैशांनी.”

वर्गातलं हसू थांबलं. माझ्या डोळ्यांपुढे लवंगीचं पाऊल आलं.

“मग काही मार्ग?”

“अर्ज करा. वापरणाऱ्यांची अडचण लिहा, खरी लिहा. आणि एक लक्षात ठेवा, दुरुस्तीत काम बदलता येतं, कामाची जात नाही. ओट्याचा ओटाच राहायला हवा. ओट्याचा पलंग करायचा असेल तर नवीन टेंडर!”

साहेबांनी अर्ज लिहायला मदत केली, खाली आपली शिफारस जोडली. करारावर सही मोठ्या बाईंची, म्हणजे साहेबांच्याही वरच्या अधिकारीणबाईंची होती. त्या म्हणाल्या, मी स्वतः येऊन बघते. हे ऐकून लवंगी गप्प झाली. दवाखान्यात बातमी झाली, लवंगी गप्प आहे. मला एवढंच म्हणाली, “माळ्याकडून खोकं परत आणून ठेवू का हो?”

म्हटलं, “थांबा.” दुसरं काय म्हणणार?

मोठ्या बाई आल्या. आणि नशीब बघा, बाई चांगल्या ताडमाड उंच! ओट्यापाशी उभ्या राहिल्या, हात टेकायला त्यांना पार वाकावं लागलं. साहेबांनी डोळे मिटले. मेहुणा पुटपुटला, “केस गेली.”

लवंगीला राहवेना. “बाई, तुम्ही इथे रोज मळायला येणार आहात का?”

मोठ्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या, वरून खाली. मग म्हणाल्या, “मी नाही येणार. पण तुम्ही एकट्याच आहात का इथे? हा कोण?”

हा म्हणजे लवंगीचा मदतनीस. भाज्या चिरायचा. एवढा उंच की सगळे त्याला शिडी म्हणत. तो कोपऱ्यात दुसऱ्या ओट्यावर कांदा चिरत होता, चौघडी घातल्यासारखा दुमडून.

“जमतं का तुला ह्या ओट्यावर?” बाईंनी विचारलं.

शिडीने सुरी ठेवली आणि एक हात कमरेवर नेला. लवंगीने त्याच्याकडे बघितलं. बहुधा पहिल्यांदाच नीट बघितलं.

“मेल्या, एवढी कंबर धरली तर बोलला का नाहीस?”

“तुम्ही कधी बोलू देता?”

आधी मोठ्या बाईच हसल्या. मग कुणाला थांबवता येईना. लवंगी पदर तोंडाला लावून हसत होती, पण डोळे पाणावलेले. तीच म्हणाली, “बाई, खोक्यावर उभं राहायचं दुखणं मला ठाऊक आहे. ह्याला वाकायचं का देऊ? एक ओटा मला राहू द्या. दुसरा ह्याचा करा, कागदातल्या उंचीचा.”

मोठ्या बाईंनी साहेबांना विचारलं, “कामाची जात बदलते का?”

“नाही, बाई. ओटे दोन होते, दोनच राहतात.”

“मग हेच कारण लिहा आणि आणा सहीला.”

बाईंची पाठ वळते न वळते तोच मेहुण्याने दुसऱ्या ओट्याची लादी उचकटायला पहार लावली. मी त्याच्या हातावर एक ठेवून दिली.

“बाई हो म्हणाल्या ना!”

“म्हणाल्या. सही झाली का?”

त्याने पहार ठेवली. आणि काय सांगू, सही होईपर्यंत तो त्या ओट्यापुढे राखणीला बसल्यासारखा बसून राहिला. कुणी जवळ आलं की म्हणायचा, “हात लावू नका. दुरुस्ती प्रलंबित आहे.” वॉचमन आला सांगायला, भिंतही जरा सरकवा. त्याला म्हणाला, “बसा, चहा घ्या. लेखी आणलंय?”

सही आली. मग थापी चालली. शिडीचा ओटा वर गेला, लवंगीचा तिच्या मापाचा राहिला. साहेबांनी टेप लावला, कागद बघितला, परत टेप लावला, आणि काम ताब्यात घेतलं. ह्यावेळी हात त्यांनी खरंच हात मिळवायलाच पुढे केला. मी खिशात कागद शोधत बसलो.

ओटे ताब्यात गेल्यावर पहिल्याच दिवशी आम्ही मुद्दाम बघायला गेलो. लवंगी दोन्ही पाय जमिनीवर रोवून कणीक मळत होती आणि गात होती, बेसूर, पण मनापासून. शिडीने पाण्याचा हंडा आपल्या ओट्यावर ठेवला, कांद्याची टोपली घेतली, आणि सवयीने वाकायला गेला. मग त्याच्या लक्षात आलं. सावकाश ताठ होत गेला. ताठ, अजून ताठ, आम्हाला ठाऊकच नव्हतं तो एवढा आहे. आणि वर टांगलेल्या डाव-झाऱ्यांवर त्याचं डोकं असं आदळलं की सगळं स्वयंपाकघर खणखणलं.

मेहुणा लगेच पुढे सरसावला. “ते डाव वर घ्यायला हवेत.”

लवंगीने कणकेवरून मान वर केली नाही. “घ्या की. पण मला विचारू नका बाबा, मला अधिकार नाही. आणि आधी हात धुवा, सगळ्यांनी. जेवल्याशिवाय कुणी हलायचं नाही इथून. हे मात्र मी तोंडी सांगतेय.”