मेंढ्यांचा पायजमा

इंग्लंडमधल्या हल शहरातल्या आमच्या शाळेत एक खेळ चालतो, आणि यंदा मी त्यात पटाईत झालेय. त्याला म्हणतात 'वाइंड अप' करणं. खेळण्यातल्या माकडाला किल्ली द्यावी तशी माणसाला द्यायची, तो नाचायला लागेपर्यंत. मग म्हणायचं, वाइंड अप करत होतो गं! एवढं म्हटलं की सगळं माफ. समोरचीने हसायचंच. रडली, तर तिलाच गंमत कळत नाही.

कॉर्नवॉलहून नवीन आलेल्या मॉरवेनाला हा नियम माहीत होता. तिला हवी होती फक्त आमच्या गटाच्या म्होरक्या कीलीच्या टेबलावर जागा. रोज जेवणाच्या सुट्टीत ती ट्रे घेऊन आमच्याभोवती घुटमळायची.

म्हणून कीलीने तिला गोड आवाजात सांगितलं, की शुक्रवारी युनिफॉर्मला सुट्टी आहे, मदतनिधीच्या डब्यात पौंड टाकायचा आणि झोपायच्या कपड्यांत यायचं. मी वर जोडलं, की आपल्या टेबलाचं मेंढ्यांची चित्रं असलेले पायजमे घालायचं ठरलंय. 'आपल्या' या शब्दावर ती अशी काही फुलली!

शुक्रवारी तिच्या बाबांच्या पावाच्या व्हॅनमधून ती फाटकाशी उतरली. मेंढ्याच मेंढ्या, पायात गुलाबी सपाता, मुठीत पौंड. आणि आम्ही सगळ्या ब्लेझर-टायमध्ये. व्हॅन वळून निघूनही गेली होती.

"वाइंड अप करत होतो गं, राणी," कीली म्हणाली.

मॉरवेनाने आमच्या ब्लेझरकडे आणि स्वतःच्या सपातांकडे पाहिलं. मग ती हसली. खरंच छान हसली, आमच्याहून मोठ्यांदा. ओल्डरॉइड बाईंनी हरवलेल्या कपड्यांच्या पेटीतून तिला एक ढगळ स्कर्ट काढून दिला आणि म्हणाल्या, पोरी थट्टा करतात, मनाला लावून घेऊ नये. तिने घेतलंच नव्हतं. दिवसभर जो भेटेल त्याला ती स्वतःच हसत हसत सगळं सांगत होती.

जेवणाच्या सुट्टीत ती सरळ आमच्याकडे आली. नियम पाळला होता, आता जागा तिची होती. मी सरकलेसुद्धा.

कीलीने रिकाम्या खुर्चीवर आपली बॅग ठेवली.

"पण तू म्हणालीस ना, आपलं टेबल," मॉरवेना माझ्याकडे बघत म्हणाली.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी बटाट्याची एक चिप व्हिनेगरमध्ये बुडवली.

"तेही वाइंड अपच होतं गं."

ट्रे हातात धरून ती उभी राहिली. आणि नियमाप्रमाणे पुन्हा हसली.