न उचललेला भंडारा

सांगलीतलं ते हॉस्पिटल पुण्याच्या कंपनीनं विकत घेतलं आणि नव्या साहेबांना, जयराजना, रुग्णांपेक्षा कर्मचाऱ्यांचे हातच जास्त दिसू लागले. नियम निघाला की अंगावर दिसेल असा टॅटू चालणार नाही. ज्याच्या अंगावर असेल त्यानं पुढच्या महिन्यापासून यायचं नाही. वॉर्डात बाह्या कोपराच्या वर हव्यात, म्हणजे झाकायचीही सोय नाही.

दगडाबाई वॉर्डातल्या जुन्या मावशी. कवठे महांकाळकडच्या धनगराची लेक. हनुवटीवर ठिपके, दोन्ही हातांवर तुळस. कळत नव्हतं तेव्हा आईनं मांडीत दाबून धरून गोंदवून घेतलेलं. त्याला कुणी टॅटू म्हणेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण लेकीचं कॉलेज याच नोकरीवर चाललेलं, त्यामुळे त्यांची झोप उडाली. आणि झोप उडाली की माणसाला शत्रू सुचतात.

त्यांना क्रांती सुचली. फलटणची, उसाच्या घरची, नुकतीच लागलेली नर्स. नियम निघाल्यापासून ही पोरगी रोज साहेबांच्या केबिनमध्ये जायची आणि बाहेर आली की दगडाबाईंची नजर चुकवायची. एकदा तर दाराआडून दगडाबाईंनी आपलं नाव स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग काय, तिनं आणलेला चहासुद्धा कडू लागायला लागला. चांगलं बोलली तरी त्यात काहीतरी काळंबेरं दिसायचं. आपल्याला पुढं करून ही स्वतः सुटणार, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. कारण तिच्याही मनगटावर सैन्यातल्या भावाचं नाव गोंदलेलं होतं, चिकटपट्टीखाली. ते तिनं एकट्या दगडाबाईंना विश्वासानं दाखवलं होतं.

सुट्टीच्या दिवशी दगडाबाई आरेवाडीला जाऊन बिरोबाचा भंडारा पुडीत बांधून घेऊन आल्या. त्यांच्या माणसांत चोरी असो, बांधाचा वाद असो, शेवटी हळदीच्या त्या चिमटीवरच मिटायचा. खरा असेल त्यानं भंडारा उचलायचा. खोट्याची छाती होत नाही.

औषधांच्या खोलीत त्यांनी पुडी उघडून क्रांतीपुढं धरली.

"सायबाजवळ माजं नाव घेतलं न्हाई, आसं म्हन आन उचल."

क्रांतीचा हात पुढं आला, मध्येच थांबला आणि मागं गेला. मावशी, जरा ऐकून घ्या, असं ती म्हणत होती. पण दगडाबाईंना जे बघायचं होतं ते बघून झालं होतं. त्या तडक केबिनमध्ये गेल्या आणि पट्टीखाली काय आहे ते सांगून मोकळ्या झाल्या. बाहेर पडताना त्यांना अगदी हलकं वाटलं.

दुपारी क्रांतीला बोलावणं आलं. ती बाहेर आली तेव्हा मनगट उघडं होतं आणि पिशवी खांद्याला. दगडाबाई बाकावरून उठल्या नाहीत. तीच जवळ आली.

"नाव घेतलं व्हतं, मावशी. मावशींना कामावर घेताना त्यांचे हात दिसले न्हाईत का, आता मधनंच कसं काढता, कामगार कार्यालयात जाऊ, म्हनून रोज भांडत व्हते. ठरंपातुर कुनाला बोलायचं न्हाई, अशी सायबांची अट व्हती. मग भंडाऱ्यावर खोटं कसं बोलू?"

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर दगडाबाईंना सोसलं असतं.

त्या धावतच केबिनमध्ये गेल्या, हात जोडले, पोरीला ठेवून घ्या म्हणाल्या. साहेब खुशीत होते. लहानपणीच्या गोंदणाला सूट द्यायचं कालच ठरलं होतं, फक्त जाहीर व्हायचं होतं, तेव्हा मावशींनी काळजी करू नये. क्रांतीचं मात्र वेगळं, तिनं लपवलं. त्यांनी दगडाबाईंना खुर्ची दिली, आजवर कुणी दिली नव्हती.

"तुमच्यासारखी माणसं हवीत मावशी. आणखी कुणाचं काही दिसलं, तर असंच येऊन सांगत जा."

दगडाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाही म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं ते, "व्हय सायब."