नाव आतल्या बाजूला

दोन दिवस खपलो आणि रिमोटवर उडवायच्या माझ्या छोट्या विमानाचं धड पुन्हा मधोमध मोडलं. सत्तरी उलटल्यावर नेब्रास्काच्या थंडीत गॅरेजच्या फरशीवर बसून ही थेरं करायला कोणी सांगितलं होतं मला! कंबरेचा पार भुगा झाला.

गॅरेजमध्ये आर्डिथच्या नावाच्या, प्रचाराच्या चाळीसेक प्लास्टिकच्या पाट्या पडून होत्या. आर्डिथ म्हणजे माझी बायको. शाळामंडळाच्या निवडणुकीला तिसऱ्यांदा उभी राहिली आणि तिसऱ्यांदा पडली, या खेपेला अकरा मतांनी. लोकांच्या अंगणांत पाट्या तिनेच रोवल्या, तिनेच उपटून आणल्या. त्याला तीन आठवडे झाले. तेव्हापासून घराबाहेर पाऊल नाही. चर्च नाही, दुकान नाही. "लोकांना तोंड दाखवायचा कंटाळा आलाय," म्हणते. मला काही सुचेना. विमानं तेवढी जमतात, म्हणून ठरवलं, तिच्या पाट्यांचंच विमान करायचं. शनिवारी आमच्या विमानवाल्यांच्या क्लबच्या मैदानावर सगळ्यांच्या डोक्यावरून तिचं नाव फिरवायचं. बघा म्हणावं, कोणाला पाडलंत ते!

कॉफीचा कप घेऊन ती दारात आली. मोडलेलं धड तिने बघितलं.

"आडवं कापलंस."

"मग? उभं कापलं तर नाव सरळ वाचता येत नाही."

"अरे शहाण्या, या प्लास्टिकच्या आतल्या नळ्या उभ्या असतात. तीन निवडणुकांत मिळून दोनशे पाट्यांत तारेचे पाय खालून मीच खुपसलेत, मला नको सांगूस. नळ्या धडाच्या लांबीला आल्या नाहीत तर मोडणारच ते. चाळीस वर्षं विमानं करतोयस, डोकं काय भाड्याने दिलंस?"

मला ठाऊक नव्हतं थोडंच! पण नाव सरळ दिसायला हवं होतं, तेवढ्यासाठी चार पाट्या वाया घालवल्या.

ती शेजारी बसली. एक पाटी घेऊन पालथी घातली. आमच्या पाट्या एकाच बाजूने छापलेल्या, मागून पांढऱ्या. नळीच्या रेषेत पट्टी धरून तिने फक्त वरचा थर कापला आणि पाटी दुमडली. दुमड सुतासारखी सरळ आली.

"अगं, उलटं धरलंस. नाव आत जाईल."

"जाऊ दे."

"आर्डिथ, मी तुझ्यासाठीच..."

"कळलं रे मला, व्हर्लिन." तिने सुरी खाली ठेवली. "तीन वेळा वाचलं लोकांनी ते नाव. वाचूनच नको म्हणाले. आता परत नको दाखवूस त्यांना."

मला फार वाईट वाटलं. मी दुसरं टोक धरलं, तिने गोंद लावला. धड तयार झालं, पांढरंशुभ्र, दाबलं तरी हलेना.

हात पुसत ती म्हणाली, "शनिवारी कितीला निघायचं?"

"तू येणार?"

"येईन. कोणी विचारलं तर सांग, कोरंच प्लास्टिक मिळालं."

"सांगेन," मी म्हणालो.